तिसरी हाक

१२ जानेवारी १९८६, रविवार. अलोरे

आज मंडळाची बैठक झाली आणि ठरलं, माघी गणपतीला हेदवीहून ज्योत आणायचीच. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेत विझली, ती या वर्षी पुरी करायची. ठरवणाऱ्यांपैकी निम्म्यांना कॉलनीची चढण चढताना धाप लागते, पण हात मात्र सगळ्यांनी वर केले.

हेदवीच्या देवळातल्या समईवर मशाल पेटवायची आणि ती रात्रभर पळत, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देत, गुहागर, चिपळूण करत सकाळच्या आरतीला कॉलनीत आणायची. बाकीचे टेम्पोत बसून मागून येतात. ज्याचा टप्पा संपला तो वर चढतो, दुसरा खाली उतरतो. ज्योत जमिनीला टेकवायची नाही आणि विझू द्यायची नाही. एवढंच.

टप्पे वाटताना मार्गताम्हाण्याच्या अलीकडचं खिंडीचं वळण आलं आणि सगळ्यांना एकदम बोटांची नखं बघायची आठवण झाली. गेल्या वर्षी तिथेच सदू गेला. सदू म्हणजे माझा मेव्हणा, सावित्रीचा धाकटा भाऊ. मीच त्याला पॉवरहाऊसवर रोजंदारीवर लावला होता आणि तो आमच्याकडेच राहायचा. त्या रात्री टेम्पोचं चाक बसलं, सदू एकटाच पुढे गेला आणि पहाटे वळणाखालच्या गटारात सापडला. मशाल अंगाखाली विझलेली. कुठल्या गाडीने उडवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आवाज कुणी ऐकला नाही, दिवे कुणी पाहिले नाहीत.

मी म्हटलं, तो टप्पा माझा.

मग केरूतात्यांनी दरवर्षीचा नियम सांगितला. तात्या मंडळातले सर्वांत वडील. जन्म बोगद्याच्या कामावर गेला, त्यामुळे अंधारातलं त्यांना कळतं असं सगळे धरून चालतात. "ज्योत हातात आसताना मागं बघायचा नाय. कोन हाक मारील तं पयल्या हाकेला नाय, दुसऱ्या हाकेला नाय. तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. ती जी कोन आसतात ती तिसरी हाक मारीत नाय."

मी हसलो. मग आठवलं की गेल्या वर्षी सदूने हेच ऐकून शहाण्या मुलासारखी मान डोलावली होती.

घरी आल्यावर सावित्रीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. तव्यावरची तेवढी करपली.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली. घरात तीळ आणले नाहीत. सावित्री म्हणाली, सदूचं वर्ष सरू दे. वर्षभरात त्याचं नाव तिच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं.

आजपासून पळायला सुरुवात केली. पहिल्या पाळीच्या आधी, काळोखातच, पोफळीच्या रस्त्याने. शाळेत असताना तालुक्यात पहिला आलो होतो, ते पाय कुठे गेले कोण जाणे. पोट मात्र आपल्या जागी ठामपणे आहे. नाक्यापर्यंत गेलो आणि चालत परत आलो. कुणी बघितलं नाही, हे नशीब.

१८ जानेवारी, शनिवार

आज मागे कोणीतरी पळत होतं.

सरळ लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच हसता येईल. पुलाच्या पुढे गेलो तेव्हा माझ्या पावलांच्या मागे आणखी पावलं ऐकू आली. मी हळू झालो की ती हळू. थांबलो की थांबली. बघावं म्हटलं आणि मान वळेना. नियम ज्योत हातात असताना आहे, हे ठाऊक असूनही वळेना. मग आणखी जोरात पळालो.

पॉवरहाऊसच्या पोटात आठ-आठ तास काढणाऱ्याच्या कानात काहीही वाजतं. मशिनची घरघर घरी आल्यावरही जात नाही. तसंच काहीतरी असणार.

परत आलो तर चहा तयार नव्हता. सावित्री मोरीत पाय धूत होती. मी कुरकुरलो. पाळीला जाणाऱ्या माणसाला वेळेवर चहा मिळू नये म्हणजे काय?

२१ जानेवारी, मंगळवार

पुन्हा. आज जास्त स्पष्ट. एक पाऊल नीट पडतं आणि दुसऱ्याला फट असा आवाज होतो, तळवा सुटलेल्या बुटासारखा.

सदूच्या डाव्या बुटाचा तळवा सुटला होता. नवे घे म्हणून मी त्याला वर्षभर सांगत होतो.

२२ जानेवारी, बुधवार

दवाखान्यात जाऊन कान दाखवले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, वजन कमी करा. पावलांचं सांगितलं नाही. कॉलनीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. नाक्यावरचं कुत्रं माझ्यावर रोज भुंकतं. मागून येणाऱ्यावर भुंकत नाही. सदू त्याला भाकरीचा तुकडा टाकायचा. आता सावित्री टाकते.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज माळ्यावर जे पाहिलं ते लिहून ठेवतो.

सदूचे कॅनव्हासचे बूट पोलिसांनी परत दिले होते. सावित्रीने ते टाकू दिले नाहीत, पिशवीत घालून माळ्यावर ठेवले. आज जुनी मच्छरदाणी काढायला वर चढलो आणि सहज पिशवीत हात घातला. बूट ओले होते. तळव्यांना लाल माती. ताजी.

खाली उतरलो तेव्हा सावित्रीने विचारलं, काय झालं, चेहरा असा का? मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यांत. तिला कशाला घाबरवायचं? बिचारी आधीच झोपत नाही. पहाटे मी उठतो तेव्हा ती टक्क जागी असते.

२५ जानेवारी, शनिवार

रात्री बुटांच्या नाड्या एकमेकांत बांधल्या आणि वर सुतळीची गाठ मारली. आमची कामावरची गाठ, ओढली की आवळणारी. सकाळी पळून आल्यावर बघितलं. गाठ होती, पण माझी नव्हती. साधी, बायका पुडीला मारतात तशी.

सदूला माझी गाठ कधीच जमली नाही. किती वेळा शिकवली होती.

रडलो. मोरीचा नळ सोडून रडलो, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. भीती वाटते का, तर वाटते. पण भीतीपेक्षा असं वाटतं की तो पोरगा वर्षभर त्या वळणावर अडकून पडला आहे आणि आता माझ्या मागे मागे फिरतो आहे. त्याचा टप्पा पुरा झाला नाही ना. तो पुरा करून दिला की सुटेल. दुसरं काय हवं असणार त्याला?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर अकबरला गाठलं. टेम्पो त्याचाच. गाव गुहागरकडचं, एरवी मासळी घेऊन चिपळूणला येतो. गेल्या वर्षीपासून रात्रीचा त्या रस्त्याने आलेला नाही. मी म्हटलं, या वर्षी यायला हवं. तो बराच वेळ टेम्पोच्या काचेवरचे डाग पुसत राहिला. काचेवर डाग नव्हते.

मग स्वतःहूनच बोलला. चाक बसलं तेव्हा बाकीचे झोपेत होते. सदूचा उजेड पुढे लांब जाताना त्याला दिसला. थांबवायला त्याने ओरडून हाक मारली. सदूने मागे बघितलं नाही. पुन्हा मारली.

"दोनदा मारली, हरिश्चंद्रभाऊ. तिसरी मारणार तं जॅक सरकला. बघतो तं उजेड वळणापलीकडं गेलेला. त्याला आयकू कसा गेला नाय, ह्याचाच विचार करतो मी."

तात्यांचा नियम अकबरला कुणीच सांगितला नव्हता. त्याला कशाला सांगतील? आज मीही सांगितला नाही. सांगून त्याला काय दिलं असतं मी?

तो येतो म्हणाला. मी आणखी एक मागून घेतलं. त्या वळणाच्या टप्प्यात टेम्पो मागेच थांबवायचा. मला एकट्याला जाऊ द्यायचं. अकबरला ते पटलं नाही, पण मी मेव्हण्याचं नाव काढलं आणि तो कबूल झाला.

५ फेब्रुवारी, बुधवार

आता रोज पळतो. धाप कमी झाली. पावलं रोज मागे असतात आणि खरं लिहायचं तर आता मी त्यांची वाट बघतो. पूल ओलांडला की कान मागे लागतात. फट, फट सुरू झालं की पाय हलके पडतात. आज चढावर मी मोठ्याने म्हटलं, चल रे, दमलास काय? उत्तर आलं नाही. फक्त कोणीतरी श्वास रोखल्यासारखं वाटलं.

सावित्री लंगडते आहे. टाचेला फोड आला म्हणते. पायांत काही घालत जा म्हटलं तर माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली.

८ फेब्रुवारी, शनिवार

भांडण झालं. सावित्री म्हणाली, दुसऱ्या कुणाला द्या तो टप्पा. मंडळात गंगाराम आहे, तरणा आहे. मी म्हटलं, सदू माझ्या भरवशावर आला होता. ती म्हणाली, मीसुद्धा तुमच्याच भरवशावर आले आहे.

मी पाळीचा डबा उचलला आणि तिला वाटलं मी ऐकलं नाही.

उद्या ती माहेरी जाणार. सदूचं वर्षश्राद्ध त्याच तिथीला येतं, म्हणजे ज्योत निघेल त्याच दिवशी. तिचं माहेर वळणाला लागूनच आहे. घराच्या कुंपणाचा दगडी गडगा रस्त्यापर्यंत येतो आणि त्याच्या बाजूने चिऱ्याच्या खाणीची कच्ची वाट वरून खाली उतरते. पोटचा पोर घराच्या इतका जवळ पडलेला आणि रात्रभर कळलं नाही, हे सासऱ्यांना, भिकाजीबाबांना, अजून सोसत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मागे कोणी नव्हतं.

पुलापर्यंत गेलो, पुलापुढे गेलो, थांबलो, चक्क उलटा चालत आलो. काही नाही. नुसती रातकिड्यांची किरकिर. नाक्यावरचं कुत्रं भुंकलं तेही एकदाच, कंटाळल्यासारखं.

घरी येऊन माळ्यावर चढलो. पिशवी रिकामी. बूट नाहीत.

तो पुढे गेला असणार. वळणावर माझी वाट बघत थांबला असणार. उद्या रात्री भेट होईल. माझ्यासारख्या माणसाने हे लिहावं, मला स्वतःलाच खरं वाटत नाही. पण लिहिलं आहे आणि खोडणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभर झोपलो. आज लिहितो.

मंगळवारी हेदवीला पूजा झाली, मशाल पेटली. चंद्राची कोर होती ती लवकरच मावळली. गुहागरपर्यंत पोरं मजेत होती, ओरडत, एकमेकांची चेष्टा करत. पुढे गार वारा सुटला आणि बोलणं बंद झालं. टेम्पोत तेलाचा डबा धरून बसलो होतो. माझा टप्पा आला तेव्हा गंगारामने मशाल माझ्या हातात दिली आणि एरवी खांद्यावर थाप मारणारा तो नुसता बाजूला झाला. अकबरने इंजिन बंद केलं. मी निघालो.

मशालीच्या उजेडात दिसतं किती, तर पायापुरतं. त्यापलीकडचा अंधार उलट जास्त दाट होतो. मी मागे कान लावून पळत होतो. फट, फट कधी सुरू होतं याची वाट बघत. काहीच नव्हतं. फक्त मी आणि वर फडफडणारी ज्योत. इतकं एकटं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

वळण आलं. डाव्या हाताला सासऱ्यांचा गडगा सुरू झाला. आणि मागून हाक आली.

शब्द असा नव्हता. नुसती लांबवलेली ओ, बांधावरून माणूस माणसाला मारतो तशी. अकबर असता तर हॉर्न वाजवला असता. पाय थांबवले नाहीत आणि मान वळवली नाही. पहिली, असं मनात म्हटलं.

थोडं पुढे गेलो आणि दुसरी आली. जवळून. तसाच सूर, जरा घाईचा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धुरामुळे नव्हे. सदू आहे हे मला तेव्हा माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. आणि तिसरी हाक ते मारत नाहीत, म्हणजे तो आता गप्प होणार आणि मी पुढे निघून जाणार, गेल्या वर्षी सगळे निघून गेले तसाच.

तेवढ्यात तिसरी आली.

"हरिश्चंद्र!"

बाईचा आवाज. गडग्याच्या बाजूने. मी वळलो. अंगणातून धावत येणाऱ्या माणसाने घातलेली हाक होती ती, तिला पाठ दाखवताच येत नव्हती. वळलो आणि मशालीच्या उजेडात समोर एक काळी भिंत दिसली. खाणीच्या वाटेने खाली आलेली, दिवे नाहीत, इंजिन बंद, नुसती टायरखाली खडी चुरडते आहे. मी गडग्यावर अंग टाकलं. चिऱ्यांनी भरलेला ट्रक माझ्या पायांजवळून वाऱ्यासारखा गेला आणि उताराने तसाच मुकाट पुढे गेला. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी उताराला सोडतात, आणि चोरीचा माल असला की दिवेही लावत नाहीत. गेल्या वर्षी कुणी काही का ऐकलं नाही, ते मला तेव्हा कळलं.

ज्योत आडवी झाली होती. निळी झाली, ठिणगीएवढी राहिली आणि मग पुन्हा उभी राहिली.

त्या उजेडात मला बूट दिसले. गडग्यावर, माझ्या डोळ्यांसमोर, सदूचे बूट. डाव्याचा तळवा सुटलेला. मग बुटांच्या वर लुगड्याचा काठ दिसला आणि त्याच्या वर सावित्री.

ती खाली उतरली आणि माझं तोंड, खांदे, हात चाचपून बघत राहिली. मशाल मी वरच धरून होतो. शेवटी ती म्हणाली, "बुजलात काय? चला. विझंल ती."

मी मशाल तिच्या हातात दिली.

उरलेला टप्पा ती पळाली, भावाचे बूट घालून, काष्टा खोचून, आणि मी मागून. फट, फट, फट. महिनाभर ऐकलेला आवाज या वेळी माझ्या पुढून येत होता. टप्पा संपता संपता टेम्पोने आम्हाला मागून गाठलं. पुढच्या टप्प्याच्या गड्याने बाईच्या हातातली ज्योत बघितली, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मशाल घेतली. केरूतात्या टेम्पोतून सगळं बघत होते. त्यांनी फक्त स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून सावित्रीला दिली.

टेम्पोत ती माझ्याजवळ बसली. महिनाभर माझ्या मागे पळत होती, मी घरी पोचायच्या आत नर्सरीच्या जवळच्या वाटेने परत येत होती, आणि मी चहावरून कुरकुर करत होतो. मला सांगितलं का नाहीस, असं विचारलं.

"तुमी मागं बघनार नाय, म्हणून मी मागं. एक असाच गेला, दुसऱ्याला एकटा कसा सोडू?"

मग मी विचारलं, नाव घेतलंस ते चांगलं केलंस, पण पहिल्या दोन हाकांना नाव का घेतलं नाहीस? मी तेव्हाच तुला ओळखलं असतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं नाव तिने उखाण्यातसुद्धा लाजत घेतलं होतं. तसंच काहीतरी सांगेल असं मला वाटलं.

सावित्री माझ्याकडे बघत राहिली. "कुठल्या दोन? मी येकच मारली. गाडी वाटेवर काळी दिसली, तशी मारली. अहो म्हटला आसता तं तुमी थांबला नसताव."

सकाळी आरतीला ज्योत कॉलनीत पोचली. लोकांनी ढोल वाजवले, पेढे वाटले. मी सगळ्यांकडे बघून हसत होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

अकबरला भेटलो. त्या रात्री तू हाक मारलीस का? तो म्हणाला, नाही. मी गेल्यापासून त्याचे ओठ हलत होते, पण ते अल्लाचं नाव घेण्यात. मग मी त्याला तात्यांचा नियम सांगितला आणि मी काय ऐकलं तेही सांगितलं. तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. त्याने विचारलं, "कशी होती हाक?" मी काढून दाखवली. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती त्याचीच होती. गेल्या वर्षीची.

हिशेब मला लावता येतो, मी फिटर माणूस आहे. सावित्रीची हाक पहिली असती तर मी वळलोच नसतो. सदूला दोन हाका पोचल्या होत्या. त्या त्याने वर्षभर जवळ ठेवल्या आणि वळणावर माझ्या हातात दिल्या. तिसरी त्याच्या ताईकडे आहे हे त्याला ठाऊक असावं. यापेक्षा जास्त मला कळत नाही आणि कळावं असंही वाटत नाही.

२ मार्च, रविवार

सासुरवाडीला जाऊन आलो. भिकाजीबाबांनी आणि गावकऱ्यांनी खाणीच्या वाटेवर चिरे रचले आहेत. दिवस मावळला की आडवे लावतात, सकाळी काढतात. बूट सावित्रीने वळणावरच्या गडग्यात ठेवून दिले.

मी अजूनही पहाटे पळतो. मागे कोणी नसतं. सावित्री आता शेजारून येते, स्वतःच्या चपला घालून, आणि नाक्यावरचं कुत्रं आम्हा दोघांवरही भुंकत नाही. कॉलनीत माझी एक सवय सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झाली आहे. गंगाराम मुद्दाम झाडामागे लपून आवाज देतो आणि पोरं खिदळतात. खिदळू देत.

कुणीही हाक मारली की मी पहिल्याच हाकेला ओ देतो.